इन्सुलेशन टेप: कुठली घ्यावी आणि जॉइंटवर कशी चढवावी

गेल्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याची बोअरची मोटर वर काढायला गेलो होतो. स्टार्टर धरत नव्हता, चालू केला की लगेच ट्रिप व्हायचा. मोटर जळाली असं घरातल्या सगळ्यांनी धरलंच होतं, रिवायंडिंगच्या पैशांची जुळवाजुळवही झाली होती. पाच माणसं, चेनपुली, एकेक पाइप सोडवत सकाळचे तीन तास गेले. मोटर वर आली, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला, तर मोटर ठणठणीत. मग वरच्या केबलच्या जॉइंटकडे पाहिलं. टेपचं टोक नखाने उचललं आणि सगळी गुंडाळी, उकडलेल्या शेंगेचं टरफल निघावं तशी, एका ओढीत सरकून हातात आली. आतून पाणी ओघळलं. तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडल्या होत्या आणि एक बारीक तार उभी राहून टेपच्या बाहेर डोकावत होती.

दोन चहांच्या पैशात येणाऱ्या टेपपायी तीन दिवस उसाला पाणी नव्हतं. वायरमनकीच्या कामात मला असे जॉइंट पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. घरातलं वायरिंग असो की शेतातली मोटर, टेपचं काम एकच: उघड्या तारेवर वीज अडवणारा थर चढवणं. तारा घट्ट धरून ठेवणं तिचं काम नाही. जॉइंट आतून ढिला असेल तर वरून कितीही टेप गुंडाळा, तो तापणारच. म्हणून आधी जॉइंट, मग टेप.

टेपचे प्रकार

दुकानात ‘टेप द्या’ म्हटलं की जी मिळते ती पीव्हीसी टेप. साधारण १८ मिमी रुंद, लाल, पिवळी, निळी, काळी, हिरवी अशा रंगांत येते. घरातल्या कोरड्या जागेच्या कामाला हीच लागते. बाजारात बहुतेक टेप ०.१२५ मिमी जाडीच्या असतात. भारी टेप ०.१८ मिमीच्या आसपास, तर त्याहून जड कामाची ०.२२ मिमीपर्यंत मिळते. साध्या पीव्हीसी टेपची उष्णता सोसण्याची मर्यादा ७० ते ८० अंश सेल्सिअस, चांगल्या प्रतीच्या काही टेपांची १०५ अंशांपर्यंत असते. हे आकडे पाकिटावर लिहिलेले असतात, फक्त ते वाचायची सवय लागायला हवी.

दुसरी रबर टेप. तिला सेल्फ अमाल्गमेटिंग टेप म्हणतात, म्हणजे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी. तिच्यावर गोंद नसतो. रोलमध्ये दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकची किंवा कागदाची पट्टी असते, ती सोलून काढायची आणि टेप चांगली ताणून गुंडाळायची. थोड्या वेळात सगळे पदर मिळून एकच रबरी गोळा होतो, मग नखाने पदर वेगळा करू म्हटलं तरी होत नाही. पाणी आत जाऊ द्यायचं नसेल तर हीच टेप हवी. मात्र घासाघीस आणि ऊन तिला सोसत नाही, म्हणून तिच्यावर पीव्हीसी टेपचं पांघरूण द्यावंच लागतं.

तिसरी जुन्या वळणाची काळी कापडी टेप. रबर मुरवलेलं सुती कापड असतं ते. पकड छान, घासलं तरी टिकते, पण कापड ओल धरतं. म्हणून एकट्या कापडी टेपवर जॉइंट सोडू नये. आतला इन्सुलेशनचा थर दुसरा असेल तर वरून खरचटू नये म्हणून ती चालते. उष्णतेच्या जागी काचधाग्याची टेप वापरतात, पण ते काम मोटर वायंडिंगवाल्यांचं.

नळाला लावतात ती पांढरी पातळ टेफ्लॉन टेप, सेलोटेप किंवा दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी जॉइंटवर गुंडाळलेली मी स्वतः पाहिली आहे. माणूस अडचणीत हाताला येईल ते लावतो, हे कळतं मला. पण या तिन्हींचा विजेशी काही संबंध नाही. टेफ्लॉन आणि सेलोटेप वाऱ्या-पावसात सैल पडतात आणि दवाखान्यातली पट्टी तर ओल शोषून घेते.

दुकानात पारख कशी करायची

पाकिटावर आयएस ७८०९ हा क्रमांक आहे का बघा. चिकट इन्सुलेशन टेपसाठी भारतीय मानक आहे ते. जाडी, रुंदी, लांबी, उष्णतेची मर्यादा छापलेली असावी. ‘इतके हजार व्होल्ट’ असा आकडाही ठळक छापलेला असतो, पण तो स्वच्छ, कोरड्या, सपाट टेपवर प्रयोगशाळेत मोजलेला. धुळीच्या हाताने वाकड्यातिकड्या जॉइंटवर चढवलेली टेप तेवढं सोसेल असं धरून चालू नका.

नंतर टेप हातात घ्या. रोलची कड बोटाने चाचपा. कडेने गोंद पाझरून चिकचिक झाली असेल, धूळ बसली असेल, तर तो रोल जुना आहे किंवा उन्हात पडून राहिलेला आहे. दुकानदार ओळखीचा असेल तर वीतभर टेप उलगडून बघा. चांगली टेप सारखी, एका लयीत सुटते. निकृष्ट टेप झटके देत सुटते किंवा सुटताना गोंदाचा थर मागच्या पदरावरच राहतो. आता दोन्ही हातांत धरून हळू ताणा. ती रबरासारखी लांब व्हायला हवी, सहज दुप्पट, आणि सोडल्यावर बरीचशी मागे यायला हवी. ताणताच टचकन तुटली किंवा ताणून लुळी पडून राहिली, तर परत करा. ताणून मागे येण्याचा हा गुणच पुढे जॉइंटवर पकड धरतो.

गोंदाचा पाक का होतो, तेही सांगतो. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं रसायन मिसळतात. ते रसायन हळूहळू गोंदात उतरतं आणि गोंद पातळ करतं. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीत पीव्हीसी टेप घडवताना नेमकी हीच अडचण आली होती. गोंदाशी जुळेल असं मिश्रण सापडलं तेव्हा कुठे ही टेप कापडी टेपची जागा घेऊ शकली. आजही स्वस्त टेपमध्ये या मिश्रणावरच पैसे वाचवलेले असतात. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधली स्टार्टरची पेटी उघडली की टेप सरकलेली आणि तारेवर काळा चिकटा, हे दृश्य त्यामुळेच दिसतं.

रंगाचं एवढं लक्षात ठेवा: आपल्याकडच्या चालत आलेल्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा फेजला, काळा न्यूट्रलला, हिरवा अर्थिंगला. टेपचा रंग त्याप्रमाणे लावला तर पुढच्या माणसाचा जीव वाचतो. हिरवी टेप फेजवर कधीही लावू नका, दुसरी शिल्लक नसली तरीही नाही. उघड्यावर, उन्हात काळी घ्या. तिच्यातली काजळी ऊन अडवते, रंगीत टेप उन्हात लवकर तडकते.

हात लावण्याआधी

घरात असाल तर मेन स्विच बंद करा, नुसतं बटण नाही. बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असेल तर बंद बटणामागेही तार जिवंतच असते. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून बघा, पेटतो ना? मग तुमच्या तारेला लावा. नंतर परत चालू सॉकेटमध्ये बघा. नाहीतर टेस्टरच बिघडलेला असायचा आणि आपण तार मेली समजून हात घालायचो. शेजारचा सर्किट चालू नसेल, मेन सगळंच बंद असेल, तर मेन बंद करण्याआधीच टेस्टर तपासून घ्या आणि काम झाल्यावर मेन चालू करून परत बघा.

शेतावर याहून मोठा धोका आहे तो ऑटो स्विचचा. लाइट गेली म्हणून आपण जॉइंट उघडतो, तेवढ्यात लाइट येते आणि ऑटोवरची मोटर आपोआप सुरू होते. म्हणून स्टार्टरच्या आधीचे तिन्ही किटकॅट फ्यूज (हाताने ओढून निघणारे चिनी मातीचे) काढायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. पेटीवर नाही, कट्ट्यावर नाही, खिशातच. कुणी पोरगं ‘लाइट आली’ म्हणून धावत जाऊन ते बसवू शकणार नाही अशा ठिकाणी. रात्रीच्या पाळीची लाइट असेल तर ही गोष्ट दुप्पट पाळा.

जॉइंट

वायर सोलताना ब्लेड गोल फिरवून तांब्यात रुतवू नका. पेन्सिलला टोक काढतो तसं तिरपं चालवा. खाच पडलेली तार तिथेच तुटते. तांबं काळवंडलेलं असेल तर बारीक सँडपेपरने चमकेपर्यंत घासा.

एकेरी जाड तार असेल तर एकमेकींवर पाच-सहा घट्ट वेढे द्या. बारीक तारांची वायर असेल तर तारा पंख्यासारख्या फाकवून एकमेकांत घुसवा आणि दोन्हीकडे पीळ द्या. आयटीआयमध्ये याला मॅरीड जॉइंट म्हणतात. जड लोड असेल तर तांब्याची फेरूल, म्हणजे जोडनळी, घालून क्रिम्पिंग टूलने (ती दाबायच्या खास पक्कडीने) दाबा. नुसत्या पक्कडीने चेपलेली फेरूल नंतर ढिली होते. मग दोन्ही हातांनी ओढून बघा. जरा जरी सरकला तरी पुन्हा करा.

हे एवढं का, ते आकड्यात बघा. २००० वॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर करंट घेतो. ढिल्या जॉइंटचा रोध ०.१ ओहम झाला तरी त्या वाटाण्याएवढ्या जागेत ८ वॅट उष्णता सतत तयार होते आणि टेप ती बाहेर जाऊ देत नाही. आधी गोंद वितळतो, मग टेप आकसते, मग वास येतो. तांबं आणि ॲल्युमिनियम यांचा थेट पीळ तर कधीच देऊ नका. ओल लागली की दोन धातूंमध्ये गंज धरतो आणि जॉइंट आतून खाल्ला जातो. त्यासाठी बायमेटल, म्हणजे दोन्ही धातूंना चालणारा, कनेक्टर मिळतो.

शेवटी पक्कडीने जॉइंटची टोकं आत वळवून दाबा आणि त्यावरून बोट फिरवा. बोटाला टोचलं तर टेपलाही टोचणार.

टेप चढवणं

वायर फडक्याने पुसून कोरडी करा. हात घामेजलेले, ग्रीसचे असतील तर ते आधी पुसा. तुमच्या बोटांचं तेल गोंदावर बसलं की तिथे पकड संपली.

उघड्या तांब्यावरून सुरुवात करायची नाही. मूळ इन्सुलेशनवर, जॉइंटच्या इंचभर आधीपासून पहिला वेढा द्या. टेप तिरकी धरा. प्रत्येक पुढचा वेढा मागच्याच्या अर्ध्यावर चढला पाहिजे, म्हणजे १८ मिमीची टेप दर वेढ्याला ९ मिमीच पुढे सरकेल. अशाने एका फेरीत सगळीकडे दोन पदर होतात. जॉइंट ओलांडून पलीकडच्या इन्सुलेशनवर इंचभर जायचं आणि न तोडता तसंच परत फिरायचं.

किती फेऱ्या? घरातल्या वायरचं मूळ इन्सुलेशन साधारण ०.७ ते ०.८ मिमी जाड असतं. ०.१२५ ची टेप दोन पदरी एका फेरीत पाव मिलिमीटर भरते, ताणल्यामुळे थोडी कमीच. म्हणजे मूळ जाडी गाठायला चार फेऱ्या हव्यात. ‘दोन वेढे मारले की झालं’ हे इथे टिकत नाही.

ताण कसा द्यायचा हे हातालाच कळावं लागतं, पण खूण सांगतो. गुंडाळताना टेपची रुंदी थोडी कमी दिसली पाहिजे, १८ ची १४-१५ मिमी. टेप खालच्या उंचसखल भागावर अंगाला चिकटून बसते, फुगा किंवा सुरकुती राहत नाही. फारच ताणून पांढुरकी पडली तर जास्त झालं.

आणि शेवटचा वेढा मात्र बिलकूल न ताणता, नुसता ठेवल्यासारखा द्या. टेप ब्लेडने किंवा कात्रीने कापा, ओढून तोडू नका. ओढून तोडलेलं टोक ताणलेलं असतं, ते मागे येऊ पाहतं आणि दोन दिवसांत झेंड्यासारखं उभं राहतं. तिथून धूळ शिरते, मग ओल. कापल्यावर टोक अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे अंगाच्या उबेने गोंद बसतो.

दिवाळीत आकाशकंदिलाची वायर किंवा गणपतीच्या मांडवातली माळ बाहेर असते, तिथे आणखी एक करायचं. उभ्या वायरवर शेवटची फेरी खालून वर न्यायची. म्हणजे वरचा पदर खालच्यावर चढतो, कौलं बसवतो तसा, आणि पाणी पदरात न शिरता ओघळून जातं. जॉइंटच्या आधी वायरला खाली लोंबता वळसा ठेवला तर वायरवरून येणारं पाणी त्या वळशाच्या तळाशी ठिबकतं, जॉइंटपर्यंत पोहोचत नाही. कोकणात हवेतच मीठ आणि ओल असते. तिथे बाहेरच्या जॉइंटला आत रबर टेप घालायला मी कधीच मागेपुढे पाहत नाही.

बोअरमधला जॉइंट

मोटरमधून आलेली आखूड वायर आणि वर स्टार्टरपर्यंत जाणारी फ्लॅट केबल यांचा हा जॉइंट कायम पाण्यात राहतो. इथे नुसती पीव्हीसी टेप चालत नाही. पीव्हीसी टेपचे पदर गोंदाने धरलेले असतात, एकजीव झालेले नसतात. पाण्याचा दाब त्या फटीतून वाट काढतोच.

जोडण्याआधी मोटर आणि केबल वेगवेगळ्या मेगरने तपासा. नंतर बाहेरचं आवरण सोला आणि तिन्ही कोर, म्हणजे आतल्या रंगीत वायरी, कमीजास्त लांबीचे कापा: एका केबलवर लाल दोन इंच, पिवळा चार, निळा सहा, तर समोरच्या केबलवर लाल सहा, पिवळा चार, निळा दोन. असं केलं की तीन जॉइंट शेजारीशेजारी न येता मागेपुढे येतात आणि गाठ जाड होत नाही. चुकून एखाद्यात पाणी शिरलं तरी दुसऱ्या फेजशी थेट भिडत नाही.

फेरूल दाबून झाली की दोन्ही बाजूंचं दीड-दोन इंच इन्सुलेशन सँडपेपरने आडवं खरखरीत करा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या. आता रबर टेप. मधली पट्टी सोला. टेप ताणताना तिची रुंदी पाऊण भागाच्या आसपास आली पाहिजे. कमी ताणली तर पदर नीट मिसळत नाहीत. जॉइंटच्या दोन इंच आधीपासून सुरू करून अर्ध्या पदराने दोन-तीन फेऱ्या. प्रत्येक कोरवर स्वतंत्र. मग प्रत्येकावर पीव्हीसीच्या दोन फेऱ्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. तिन्ही कोर एकत्र धरले की त्यांच्यामध्ये लांबट खाचा राहतात आणि केबलच्या आवरणातून आलेलं पाणी नेमकं त्या खाचांतून पळतं. रबर टेपचे छोटे तुकडे मळून या खाचा भरा. मग दोन्हीकडच्या बाहेरच्या आवरणावर दोन-दोन इंच चढून सगळ्यावर रबर टेप, आणि सगळ्यात वर पीव्हीसीच्या तीन फेऱ्या. आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी) मिळाली तर तीही उत्तम. मात्र कोर जोडण्याआधीच ती वायरवर सरकवून ठेवा. जॉइंट झाल्यावर आठवण येते आणि सगळं पुन्हा तोडावं लागतं.

अर्धा तास थांबा. मग बादलीत पाणी घ्या, चिमूटभर मीठ टाका आणि जॉइंट पूर्ण बुडवा. मोटर कोरड्या लाकडावर ठेवा, केबलची वरची टोकं हवेत. तिन्ही टोकं एकत्र पिळून त्यांना ५०० व्होल्ट मेगरची एक वायर लावा, दुसरी बादलीतल्या पाण्यात. मेगर फिरवताना टोकांना कुणी हात लावू नये. रीडिंग १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर सोडायचीच नाही. चांगला जॉइंट त्याच्या कितीतरी पट वर दाखवतो. अर्धा तास बुडवून ठेवून परत बघा. आकडा उतरत चालला असेल तर पाणी शिरतंय, मग आळस न करता जॉइंट पुन्हा करा. बादलीतली चूक दहा मिनिटांची, बोअरमधली दिवसभराची.

जिथे टेप लावूच नये

इस्त्रीची तडकलेली वायर, गिझरची टर्मिनलं, अर्धवट जळालेला प्लग: इथे टेप नाही, भाग बदला. भिंतीतल्या पाइपमध्ये जॉइंट करून वरून टेप मारणंही नको. जॉइंट नेहमी उघडता येईल अशा जंक्शन बॉक्समध्येच असावा. ओल्या जमिनीवर लोळणारी एक्सटेन्शन वायर दोनपेक्षा जास्त ठिकाणी टेपलेली असेल तर नवी घ्या. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या.

खांबावरून आलेली सर्व्हिस वायर आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर आणि त्याची फ्यूजपेटी) यांना तर हातच लावायचा नाही, लाइट गेलेली असली तरी. १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर फोन करा. लाइनमन उशिरा येईल, दोन दिवस पाणी थांबेल, पण थांबा. डीपीवर फ्यूज टाकायला गेलेली माणसं घरी परतली नाहीत, अशी घरं बहुतेक प्रत्येक तालुक्यात आहेत.

मोटर सोडताना

केबल दर दहा फुटांवर पाइपाला बांधत खाली सोडा. जॉइंट पाइपाच्या सॉकेटवर (दोन पाइप जोडणाऱ्या जाड भागावर) येऊ देऊ नका, कारण तो भाग बोअरच्या भिंतीला घासतो. मोटरचं वजन दोरावर आणि पाइपवर असावं, केबलवर अजिबात नाही. पाणी सुरू झालं की क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं मीटर) तिन्ही फेजचा करंट बघा आणि ते आकडे तारखेसह स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी मोटर ट्रिप झाली की आधी हे आकडे बघायचे आणि मग वरूनच, केबलच्या टोकांवर मेगर लावायचा. चेनपुली नंतर.